कळलावी दुर्मिळ आहे का नाही? यादीतलं उत्तर आणि पांदणीतलं उत्तर

प्रश्न असा आहे: "पांढरकवड्याकडच्या एका गावात राहतो, गावच्या जैवविविधता समितीत यंदाच आलो. आमच्या पांदणीत आणि जंगलाच्या कडेला कळलावी आहे, पण लहानपणी होती तेवढी दिसत नाही. आता एक माणूस कंद विकत घ्यायला येऊन राहिला. आम्ही म्हटलं ही दुर्मिळ आहे, देता येत नाही, तर त्यानं मोबाईलवर दाखवलं की जगाच्या यादीत ही लीस्ट कन्सर्न आहे, काहीच धोका नाही. आता गावातले पण म्हणतात मंग अडवता कायले? तर ही खरंच दुर्मिळ आहे का, कायद्यानं बंदी आहे का, आणि आम्ही काय करावं?"

भाऊ, पहिले एक गोष्ट मान्य करू, त्या माणसानं मोबाईलवर दाखवलं ते खोटं नाही. आययूसीएन या निसर्ग राखणाऱ्या जागतिक संस्थेच्या लाल यादीत कळलावी, म्हणजे ग्लोरिओसा सुपर्बा हा लाल-पिवळ्या फुलांचा रानवेल, 'लीस्ट कन्सर्न' मध्येच आहे, मराठीत आपण 'किमान चिंता' म्हणू. आणि तुम्ही म्हणता ते पण खोटं नाही की तुमच्या पांदणीत ती कमी होऊन राहिली. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि सगळा घोळ इथंच होतो. मी तीस-बत्तीस वर्षं विदर्भातल्या रानात झाडं नोंदवत फिरलो, आधी कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवता शिकवता आणि रिटायर झाल्यावर गावागावांच्या जैवविविधता नोंदवह्या करताना, आणि हा वाद मी इतक्या ग्रामसभांमध्ये ऐकला की आता जरा सविस्तरच लिहितो.

ती यादी कशी बनते ते आधी समजून घ्या. लाल यादी पूर्ण जगाचा हिशोब मांडते. एखादी जात जगातून नाहीशी होण्याचा धोका किती, एवढाच तिचा प्रश्न असतो. तुमच्या तालुक्यातून जाईल का, हा प्रश्न तिथं कोणी विचारलेलाच नसतो. धोका ठरवायला ठराविक मोजमापं आहेत. एक मोजमाप क्षेत्राचं. 'असुरक्षित' म्हणजे व्हल्नरेबल गटात यायला त्या जातीचं प्रसारक्षेत्र 20,000 चौरस किलोमीटरच्या खाली पाहिजे, त्याच्या वरच्या 'संकटग्रस्त' गटाला 5,000 च्या खाली आणि 'अतिसंकटग्रस्त' ला 100 च्या खाली. आणि नुसतं क्षेत्र लहान असून चालत नाही, ते तुकड्यातुकड्यात आहे, घटत चाललं आहे, असंही दाखवावं लागतं. आता हे आकडे आपल्या जमिनीवर ठेवून पाहा. आपला यवतमाळ जिल्हा साधारण साडेतेरा हजार चौरस किलोमीटरचा, म्हणजे 'असुरक्षित' ची हद्द दीड यवतमाळाएवढी झाली. 'संकटग्रस्त' ची हद्द वर्धा जिल्ह्याहूनही लहान. आणि 'अतिसंकटग्रस्त' म्हणजे दहा किलोमीटर लांब दहा किलोमीटर रुंद एवढा तुकडा, तुमच्या गावापासून दोन-चार गावं ओलांडली की संपला.

आणि कळलावी कुठं कुठं आहे? आफ्रिकेचा मोठा भाग, भारत, श्रीलंका, तिथून पुढं आग्नेय आशिया. झिम्बाब्वेचं ते राष्ट्रीय फूल आहे, आपल्याकडे तमिळनाडूचं राज्यफूल आहे, तिथं त्याला कांदळ म्हणतात आणि त्यांच्या दोन हजार वर्षं जुन्या संगम कवितेत ते जागोजागी येतं. ऑस्ट्रेलियात तर उलटंच झालं, बागेत लावायला म्हणून नेलेली कळलावी क्वीन्सलँड आणि न्यू साउथ वेल्सच्या समुद्रकाठच्या वाळूत पसरली आणि तिथले लोक तिला तण म्हणून उपटतात. एवढ्या पसाऱ्याची जात जगातून संपेल असं कोणीच म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. मग तिला 'किमान चिंता' च मिळणार, त्यात यादी करणाऱ्यांचं काही चुकलं नाही.

याच्या उलट उदाहरण पाहिजे तर आपल्याच राज्यात आहे. शिंदळ माकुडी, सह्याद्रीतल्या मोजक्या कड्यांवर वाढणारी, डॅलझेल नावाच्या माणसानं 1865 मध्ये जुन्नर-शिवनेरीच्या भागातून पहिल्यांदा नोंदवली. किंवा कंदीलपुष्पातली सेरोपेजिया अंजनेरिका, जी 2006 मध्ये नाशिकच्या अंजनेरी डोंगरावरून नवीन म्हणून जाहीर झाली. अशा झाडांचं सगळं घरच मोजक्या डोंगरांत, तिथं वणवा लागला किंवा रस्ता कापला तर जगातलंच संपलं. तिथं गावाचा हिशोब आणि जगाचा हिशोब एकच होतो. कळलावीचं तसं नाही. तिचं एकेक गाव विझत जाते आणि जगाच्या नकाशावर त्याचा ठिपकाही हलत नाही, म्हणून मला तिची जास्त काळजी वाटते.

आता 'दुर्मिळ' या शब्दाबद्दल. हा शब्द आपण फार सैल वापरतो, पेपरात तर प्रत्येक फूल दुर्मिळच असतं. पूर्वी लाल यादीत 'रेअर' म्हणजे दुर्मिळ असा वेगळा गट होता, आणि बोटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडियाचे नायर आणि शास्त्री यांनी 1987 ते 1990 मध्ये भारतीय वनस्पतींच्या रेड डेटा बुकाचे तीन खंड काढले त्यात तो गट वापरला आहे. पण 1994 ला आययूसीएननं गटांची रचना बदलली तेव्हा 'दुर्मिळ' काढून टाकला. म्हणजे आज कोणी म्हटलं की अमुक झाड 'दुर्मिळ गटात' आहे तर पहिले विचारायचं, कोणत्या सालच्या यादीत. कमी असणं आणि कमी होत जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एखादं झाड पहिल्यापासूनच कमी असतं आणि निवांत असतं, एखादं कालपर्यंत धुऱ्याधुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधाबांधावर असतं आणि वीस वर्षात जातं. कळलावी या दुसऱ्या प्रकारातली आहे, आपल्या भागात.

म्हणून माझी विनंती, ग्रामसभेत 'ही दुर्मिळ आहे, नष्ट होत आहे, सरकारी बंदी आहे' असं बोलू नका. एकदा का समोरच्यानं मोबाईल काढून दाखवलं की तुमचा शब्द खाली पडते, आणि पुढं खरंच जपायचं झाड आलं तरी लोक ऐकत नाहीत. जे खरं आहे तेवढंच सांगा, ते पुरेसं आहे.

कायद्याचं सांगतो. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा, त्यात वनस्पतींचं प्रकरण 1991 च्या दुरुस्तीनं आलं आणि तेव्हा अनुसूचीत फक्त सहा नोंदी होत्या: बेडोमचा सायकस, निळी वांडा, लाल वांडा, कुठ, घटपर्णी आणि लेडीज स्लिपर ऑर्किडं. कळलावी त्यात नव्हती. तर आजची अनुसूची पाहिल्याशिवाय 'वन्यजीव कायद्यात आहे' हे सांगू नका. पण म्हणून कोणीही यावं आणि खणून न्यावं असंही नाही, आणि हे मात्र ठासून सांगा. तुमच्याकडे दोन हत्यारं आहेत. पहिलं वनहक्क कायदा 2006. त्यात गौण वनउपज गोळा करायचा, वापरायचा, विकायचा मालकी हक्क वनात राहणाऱ्या लोकांचा, आणि त्याच कायद्याच्या कलम 5 मध्ये ग्रामसभेला आपलं जंगल, त्यातले जीव आणि जैवविविधता राखायचा अधिकार दिला आहे. आपल्या विदर्भातच गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावानं 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून दाखवला, त्यामुळं हे कागदावरचं बोलणं राहिलेलं नाही. दुसरं म्हणजे जैविक विविधता कायदा 2002. तुमची समिती याच्याच कलम 41 खाली बसली आहे. धंद्यासाठी रानातलं जैविक साहित्य घेणाऱ्यानं राज्य जैवविविधता मंडळाला आधी कळवावं लागते, मंडळाचं ऑफिस आपल्या नागपुरातच आहे, आणि तुमच्या हद्दीतून धंद्यासाठी माल जात असेल तर फी घ्यायचा अधिकार समितीला आहे. गावातले वैदू, घरगुती औषधाला घेणारे, त्यांच्यावर याचा बोजा नाही. तर त्या माणसाला शांतपणे विचारा, भाऊ, तू कोणासाठी घेतो, मंडळाला कळवलं का, कागद दाखव. माझा अनुभव असा की या तीन प्रश्नांनंतर दहातले आठ जण परत येत नाहीत.

आता तो कंदच का मागतो ते पाहू, कारण यातच खरी गोम आहे. कळलावीत कोल्चिसीन नावाचं द्रव्य असते, गाऊट म्हणजे सांधे सुजून ठणकतात त्या आजारावर ते औषध म्हणून वापरतात, आणि पिकांच्या संशोधनात गुणसूत्रं दुप्पट करायलाही ते लागते. पण हे द्रव्य कंदापेक्षा बियांत जास्त असते, त्यामुळं औषधाच्या धंद्यात मोठी मागणी बियांना आहे. तमिळनाडूत मूलनूर, धारापुरम, ओट्टनचत्रम या भागात शेतकरी मांडव घालून कळलावीची शेतीच करतात, फुलावर हातानं परागीकरण करतात आणि बी विकतात. मग कंद कोणाला पाहिजे? ज्याला लागवड करायची त्याला, बेणं म्हणून. बीपासून लावलं तर फूल यायला तीन-चार वर्षं जातात, कंद लावला तर त्याच पावसाळ्यात फुलते. म्हणून रानातलं तयार बेणं खणून नेणं स्वस्त पडते. म्हणजे तुमच्या पांदणीनं चार वर्षं वाढवलेलं बेणं तो एका दुपारी पोत्यात भरून नेईल, आणि तिथं पुढच्या वर्षी काही उगवणार नाही.

काही उगवणार नाही, हे मी नुसतं भीती घालायला म्हणत नाही. कळलावीचा कंद कधी नीट पाहिला का? इंग्रजी व्ही सारखा, दोन हाताचा, नांगरासारखा. आयुर्वेदात तिचं नाव लांगली आहे ते यावरूनच, लांगल म्हणजे नांगर. त्या दोन्ही हातांच्या टोकाला एकेक कोंब असतो, आणि फुटायचं काम तेवढाच करतो. बटाट्यासारखे डोळे सगळीकडे नसतात. टोक मोडलं की तो हात गेला. दरवर्षी जुना कंद आटून जातो आणि त्याच्या जागी नवा तयार होतो, म्हणजे झाडाकडे मागची शिल्लक काहीच नसते, त्या सालचा कंद हीच सगळी पुंजी. खणणारा टिकासानं खणतो, अर्धे टोक मोडूनच येतात, ते तो तिथंच फेकतो. म्हणजे नेले तेही गेले आणि राहिले तेही गेले.

पण भाऊ, खरं सांगू का, तुमच्या गावची कळलावी कमी झाली ती कंद खणणाऱ्यामुळं थोडी आणि बाकी आपल्यामुळंच, आणि हे ग्रामसभेत बोलायची हिंमत ठेवा. कळलावी कुठं राहते? वावराच्या मधात नाही, घनदाट सागात पण नाही. ती काठावरची आहे. धुऱ्यावर, पांदणीच्या दोन्ही अंगाच्या बोराटी-हिवराच्या जाळीत, नाल्याच्या काठाला, जंगल आणि वावर मिळते त्या पट्ट्यात. पानाच्या टोकाचा ताणा करून ती जाळीला धरते आणि वर चढते, तिला आधार पाहिजे आणि थोडं ऊन पाहिजे. आता सांगा, मागच्या वीस वर्षात आपण सगळ्यात जास्त काय साफ केलं? धुरे आणि पांदणी.

यात तणनाशकाचं मी थोडं जास्त सांगतो, कारण लोकांना हा फरक माहीत नाही. आपले बापजादे पण धुरा कापतच होते, विळ्यानं कापत होते, जनावरांना गवत आणत होते, उन्हाळ्यात मोहाखाली आग लावत होते ती पण धुऱ्यापर्यंत यायची. तरी कळलावी टिकली. कारण विळा काय कापते, वरचं. आग काय जाळते, वरचं. उन्हाळ्यात तर कळलावीचं वर काही नसतेच, सगळा जीव वीतभर खाली कंदात असतो, जून लागला, पहिले दोन पाऊस झाले की कोंब वर. पण ग्लायफोसेटसारखं तणनाशक पानावर पडलं की ते पानातच राहत नाही, रसाबरोबर खाली उतरते आणि कंदालाच मारते. हरळी आणि लव्हाळा मरावा म्हणून तर आपण ते मारतो, त्याचं कामच मुळापर्यंत जायचं आहे. जुलै-ऑगस्टात सोयाबीन आणि पराटीच्या, म्हणजे कपाशीच्या वेळी धुऱ्यावर फवारणी होते, नेमकी तेव्हाच कळलावी पानावर आलेली असते आणि खालचा जुना कंद आटून नवा भरायचा असतो. एका फवाऱ्यात दोन्ही जातात. मी एकाच नाल्याच्या दोन काठांवर हे पाहिलं, एका बाजूच्या शेतकऱ्यानं फवारणी धरली, दुसऱ्याकडे म्हातारा बाप विळाच चालवायचा. तिसऱ्या पावसाळ्यात एका काठावर फुलांचा जाळ आणि दुसऱ्या काठावर नुसता गाजरगवत. त्या शेतकऱ्याला दोष देत नाही, निंदायला बाई मिळत नाही आणि मिळाली तर मजुरी परवडत नाही, हे मला माहीत आहे. पण वावरातलं फवारणं वेगळं आणि धुऱ्यावरचं वेगळं, एवढं तरी आपण म्हणू शकतो.

पांदणीचं तसंच. पांदण मोकळी व्हायलाच पाहिजे, पावसाळ्यात बैलगाडी फसते, बाळंतपणाची बाई दवाखान्यात न्यायची तर खाटेवर न्यावी लागते, अशा गावात फुलासाठी रस्ता अडवा असं मी कधीच म्हणणार नाही. पण जेसीबी दोन्ही बाजूची जाळी मुळासकट काढून टाकते तेव्हा ते वीतभर खालचे कंदही मातीबरोबर जातात. एका बाजूची जाळी ठेवता येते. आणि दोन्ही काढायच्याच असतील तर आधीच्या पावसाळ्यात कळलावीच्या जागी काठी रोवून खूण करा, दिवाळीनंतर वेल वाळला की टोक न मोडता कंद काढा आणि जून लागायच्या आत शाळेच्या कुंपणाला किंवा गायरानाच्या काठाला आडवे लावा, चार-पाच बोटं खोल. हे मी तीन गावांत करून पाहिलं, बरेचसे लागतात.

कंद हाताळताना मात्र जपा. कळलावी भयंकर विषारी आहे, कंद तर आहेच पण बीही आणि बाकीचा वेलही. श्रीलंकेत रताळं किंवा खायचा कंद समजून खाऊन माणसं गेल्याच्या नोंदी आहेत. पोटात गेलं तर आधी ओकाऱ्या-जुलाब, मग दोन-तीन दिवसांत शरीरातलं एकेक काम बंद पडत जाते, आणि उतारा असा हाताशी नसतो. म्हणून थोडंसंही तोंडात गेलं असं वाटलं तरी घरगुती काही करत बसू नका, सरळ मोठ्या दवाखान्यात न्या आणि काय खाल्लं ते झाड दाखवा. लेकरांना हे शिकवूनच मोजणीला न्या.

बाळंतपणाचा विषय निघालाच तर तेही सांगतो, कारण नाव त्यावरूनच आहे असं जुनी माणसं सांगतात, कळ लावणारी ती कळलावी. तुमच्याच भागातल्या एका पोडावर, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवर, एक म्हातारी सुईण होती, आता नाही. तिनं मला दाखवलं होतं, अडलेल्या बाईच्या बेंबीखाली आणि तळपायाला कंदाचा लेप लावायचा आणि मूल बाहेर आलं की त्याच क्षणी पाण्यानं धुवून काढायचा, एक पळही ठेवायचा नाही. ती म्हणे, 'ही बाई घरात घेता येत नाही, दारातून काम सांगायचं.' तिला विषाची पुरती जाण होती. आज हा उपाय कोणी करू नये, बाईला दवाखान्यातच न्यावं, याबद्दल माझ्या मनात काही शंका नाही. पण त्या म्हातारीला पोडाच्या भोवतालची एकेक कळलावी माहीत होती, आणि कंदाचा गरजेपुरता एक हात घेऊन दुसरा हात ती परत मातीत दाबायची. आपल्या नोंदवहीत ही माहिती यायला पाहिजे. दुसरं पण एक आहे, कळ लावणे म्हणजे भांडण लावणे, म्हणून घराच्या अंगणात कळलावी लावली की घरात भांडणं होतात असं बऱ्याच गावांत मानतात. त्यामुळं बायका ती अंगणात लावत नव्हत्या, रानातली रानातच राहत होती. आता फोटो पाहून शहरातले लोक कुंडीसाठी कंद मागतात.

फोटोवरून आठवलं, माझ्या हातून एक मोठी चूक झाली ती इथं लिहितो. पंचवीस वर्षं झाली असतील, एका टेकडीच्या पायथ्याशी मला कळलावीचा असा पट्टा सापडला की सकाळच्या उन्हात सगळी जाळी पेटल्यासारखी दिसायची. हे फूल पहिले हिरवट पिवळं उमलते, पाकळ्या मागं वळतात, कडा चुण्या चुण्यांच्या, मग खालून पिवळं आणि वरून लाल, आणि दोन-चार दिवसांत पूर्ण लालभडक. एकाच वेलावर सगळे रंग. त्याचा स्त्रीकेसर तर फुलाच्या मधातून सरळ न येता काटकोनात आडवा वाकलेला असतो, पुंकेसरांपासून बाजूला, म्हणजे आपलाच पराग आपल्यावर सहजी पडू नये. फुलपाखरू रसासाठी आलं की त्याच्या पंखाला पराग लागतो आणि दुसऱ्या फुलाच्या त्या आडव्या टोकाला पुसला जातो. शिंजीर पक्षीही येतात. मी त्या पट्ट्यावर लेख लिहिला, गावाचं नाव, टेकडीचं नाव, कुठून वळायचं, सगळं लिहिलं. मला वाटलं लोक पाहायला येतील. पुढच्या पावसाळ्यात मी गेलो तर खड्डेच खड्डे. कोणी नेले माहीत नाही. त्या पट्ट्यात पुन्हा तशी फुलं मला दिसली नाहीत आणि मी दर दोन-तीन वर्षांनी जाऊन पाहतो. तेव्हापासून मी जागा सांगत नाही, आणि तुम्हालाही सांगतो, नोंदवहीत जागा लिहा पण व्हॉट्सअ‍ॅपवर, फेसबुकवर लोकेशन टाकू नका, फोटो टाकायचाच तर जिल्ह्याचं नाव पुरे.

आता मुख्य काम, मोजणी. जगाच्या यादीचं उत्तर त्या माणसाच्या मोबाईलमध्ये आहे, तुमच्या पांदणीचं उत्तर कुठंच नाही, ते तुम्हीच तयार करायचं. आणि ते 'आमच्या गावात ही संकटग्रस्त आहे' असंही लिहू नका, लाल यादीची मोजमापं एवढ्याशा हद्दीला लावू नये असं खुद्द त्यांच्याच नियमात आहे. आकडा लिहा. पोळ्याच्या आगंमागं, ऑगस्ट ते सप्टेंबर, एक ठराविक वाट ठरवा, समजा पांदणीचा एक किलोमीटर आणि नाल्याचा काठ, आणि दरवर्षी तीच वाट, त्याच पंधरवड्यात, त्याच दोघा-तिघांनी चालायची. फुलावरचे वेल मोजा. पण तेवढ्यावर थांबू नका, बहुतेक जण इथंच चुकतात. फूल नसलेले लहान वेल वेगळे मोजा, बीपासून आलेलं रोप पहिल्या वर्षी एवढंसं असते, त्याला ताणाही नसतो, खाली वाकून जाळीत पाहावं लागते. फुलांचा मोठा आकडा आणि लहान रोप एकही नाही, असं निघालं तर समजा की तुमच्याकडे फक्त म्हाताऱ्या उरल्या, नवीन पिढी येत नाही. मग ऑक्टोबरच्या शेवटी पुन्हा त्याच वाटेवर जा आणि किती वेलांना बोंडं धरली ते पाहा. फुलं भरपूर आणि बोंडं नाहीत, तर एक तर फुलपाखरं कमी झाली, नाही तर महालक्ष्म्यांना सजवायला फुलं तुटली, दोन्हीचा उपाय वेगळा आहे. फूल तोडल्यानं कंद मरत नाही, पण बी बसत नाही, हे बायकांना समजावून सांगितलं की त्या ऐकतात, मी पाहिलं आहे, वेलावरची एक-दोनच घेतात.

पहिल्या वर्षीच्या आकड्याचा काही उपयोग नाही असं वाटेल, तरी लिहा. पाच वर्षांनी तो माणूस किंवा त्याचा भाऊ पुन्हा येईल तेव्हा तुमच्याकडे पाच ओळी असतील आणि त्या कोणाच्या मोबाईलवर नसतील.

विकायचंच असेल तर? कोलाम घरांना पैसा लागतो, हे सोडून बोलणं बरोबर नाही. माझं मत स्पष्ट आहे, रानातला कंद बिलकुल नाही. बी विकता येईल, पण त्याआधी दोन-तीन वर्षं मोजणी होऊ द्या आणि बोंडं किती धरतात ते कळू द्या, मग ग्रामसभेनं ठरवावं किती काढायची आणि किती सोडायची, मी असतो तर निम्म्याच्या वर कधीच नाही. आणि बी गोळा करणाऱ्यानं हात धुतल्याशिवाय बिडीसुद्धा ओढायची नाही. त्याहून चांगलं म्हणजे एखाद्या बचतगटानं गायरानाच्या कुंपणाला स्वतःचीच लागवड करावी, चार वर्षं थांबायची तयारी असेल तर.

या वर्षी काय करायचं ते सांगतो. त्या माणसाला कागद मागा. धुऱ्यावर कळलावी आहे तिथं जुलै ते ऑक्टोबर फवारणी नको, एवढा एकच ठराव ग्रामसभेत घ्या, धुरा साफ करायचा तर दिवाळीनंतर विळ्यानं करा, तोवर वेल वाळून गेलेला असतो, कंद खाली निवांत असतो. आणि बोंडं पिकून तडकायला लागली, आतले लाल दाणे दिसायला लागले की त्यातली थोडी काढून सावलीत वाळवा, कापडाच्या थैलीत ठेवा आणि लेकरांच्या हाती लागणार नाही असं उंच टांगा. मृगाच्या आधी एक रात्र पाण्यात भिजवून ज्या धुऱ्यावरून कळलावी गेली त्याच धुऱ्याच्या जाळीत, पालापाचोळ्याखाली बोटभर खोल टाका. उगवायला वेळ लावतात, काही तर दुसऱ्या पावसाळ्यात उगवतात, म्हणून पहिल्या वर्षी काही दिसलं नाही तरी ती जागा खणून पाहू नका.